शूटिंगसाठी माग बंद

नवरात्र उठलं आणि राजारामपुरीत आमच्या फ्लॅटखाली ओल्या भुईमुगाच्या शेंगांची गाडी उभी राहायला लागली की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो आणि मधल्या मधे हे ऊन. पंखा लावला तर वारा गरम, बंद केला तर जीव नकोसा. पोरांची सहामाही तोंडावर आलेली, त्यामुळे माझे इंग्रजीचे क्लास दोन्ही वेळा भरलेले. अशात काल दुपारी मोबाईलवर एका मुलीचा निरोप आला. आमच्या कंपनीच्या नव्या व्हिडिओचं काम भरतनं तिच्याकडं दिलंय. भरत माझा धाकटा भाऊ. इचलकरंजीतली आमची कापडाच्या मागांची शेड तोच चालवतो. मुलगी आदबीनं लिहिते. "मॅम, सरांच्या मुलाखतीपुरते माग बंद ठेवता येतील ना? म्हणजे साउंड क्लीन मिळेल."

एवढंच. आता ह्यात रडण्यासारखं काय आहे, सांगा बघू? मी मात्र मांडीवर टरफलं घेऊन, हातातली शेंग हातात ठेवून, चांगली घळाघळा रडले. नवरा म्हणाला, अगं काय झालं? म्हटलं, काही नाही, शेंग खवट निघाली.

असंच ऊन त्या वर्षी गणपती गेल्यापासूनच पडलं होतं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, न्हाणीघरात पाय घसरून पडले होते आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळले होते. मी क्लास मैत्रिणीच्या गळ्यात घातले आणि महिना-दीड महिना माहेरी राहायला गेले. कोल्हापुरातनं इचलकरंजी ती काय लांब! पण गल्लीच्या तोंडाशी रिक्षातनं उतरलं की जग बदलतं. आधी तळपायाला कळतं, मग कानाला. दोन्ही अंगाला शेडी आणि सगळीकडं एकच खडखडाट. आडवं सूत नेणारा धोटा इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. पाहुणा म्हणतो डोकं उठलं. आम्ही त्याच्यातच जन्मलो, त्याच्यातच झोपलो, त्याच्यातच अभ्यास केला. लग्न होऊन कोल्हापूरला आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मला झोपच लागेना. सासूबाईंना वाटायचं पोरगी माहेरच्या आठवणीनं जागते. अहो, शांततेनं जागत होते मी!

मागवाल्यांची बोलायची तऱ्हाही वेगळी. शेडमधे आवाज काढून उपयोग नसतो. ह्या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी नुसत्या ओठांनी बोलतो, जोडीला जरा हात. चहा आलाय, सूत संपलंय, बायकोनं बोलावलंय, सगळं बिनआवाजाचं. आणि शेडच्या बाहेर आला की तोच माणूस साधं पाणी मागतानाही किंचाळतो. आप्पांचे कान तर मागांनी केव्हाच खाल्लेले. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समोर उभं राहून ओठ हलवायचे. कानाशी जाऊन ओरडलेलं त्यांना आवडायचं नाही. "मी काय भैरा हाय व्हय?" म्हणायचे. होते की ठार बहिरे!

घर आणि शेड ह्यांच्यामधे एकच भिंत. आप्पांची खाट त्या भिंतीला लावलेली होती. माग चालू असले की ती भिंत बारीक थरथरायची. फळीवरचा पाण्याचा तांब्या थरथरायचा, त्यातलं पाणीसुद्धा. पडल्या पडल्या आप्पा भिंतीला तळहात लावून ठेवायचे. डॉक्टर नाडी बघतो तसा. मधेच म्हणायचे, "भरत्याला सांग, कोपऱ्यातला माग अडखळायलाय." आणि खरंच तो अडखळत असायचा. त्यांना दुसरा काही उद्योग नव्हता आणि नकोही होता.

पण शेडची तऱ्हा वाईट होती. आमचे जुने धोट्याचे माग, गिऱ्हाईक नव्या मागांच्या कापडाकडं वळलेलं. गल्लीत रोज कुठंतरी भंगारवाल्याचा टेम्पो उभा दिसायचा. ज्या मागावर माणसानं जन्म काढला तो माग कटरनं तोडून वजनकाट्यावर टाकायचे. दोन-चार शेडींची तर मंगल कार्यालयं नि गॅरेज झाली होती. एका संध्याकाळी जेवताना भरत घास हातात धरून बसला आणि म्हणाला, "अक्का, माझं एकच म्हणणं हाय. आप्पा हाईत तवर माग बंद पडाय नकोत. त्येंच्या माघारी काय व्हायचं ते होऊ दे. पण ह्या भिंतीला हात लावून त्येंनी पडायचं आणि पलीकडं काय नसायचं, हे मला बघवणार न्हाई."

मी म्हटलं, "मग करायचं काय?"

"पिच्चर काढायचा," भरत म्हणाला. "कंपनीचा. आता सगळे काढायलेत. मोबाईलवर टाकायचा, बाहेरगावचं गिऱ्हाईक बघतंय म्हणं. तू शिकल्याली हाईस, तूच बघ."

आता इंग्रजी शिकवणं वेगळं आणि पिच्चर काढणं वेगळं. पण भावाच्या लेखी मी इंग्रजी बोलते म्हणजे मला विमानसुद्धा चालवता येणार! शेवटी क्लासच्या एका जुन्या विद्यार्थ्याला, तन्मयला फोन लावला. तो कोल्हापुरात असली कामं घेतो. गॉगल डोक्यावर सरकवून आला, शेड बघितली आणि हरखून गेला. छपराच्या भोकांतनं येणारे उन्हाचे कवडसे, त्यात तरंगणारी कापसाची फुशी. "मॅडम, इथं लाईट लावायलाच नको!" आम्हाला ती भोकं बुजवायची होती, त्याला ती हवी होती. भरतनं भिंतींना रंग द्यायचा घाट घातलेला, तोही त्यानं मोडून काढला. मग काय दाखवायचं, कुणी बोलायचं, किती बोलायचं, ह्यावर चहावर चहा झाले. भरतला वाटायचं वरनं ड्रोन फिरवावा. वर छपरावर समोरच्या कुसुममावशीच्या सांडग्यांचं वाळवण, ते काय गिऱ्हाइकाला दाखवायचं? मी म्हटलं, भरत, तू माणसासारखा कॅमेऱ्यापुढं उभा राहा आणि आपलं कापड काय आहे ते सांग. पाठीमागं माग दिसू देत. बास!

हिंदीत बोलायचं ठरलं, कारण गिऱ्हाईक परराज्यातलं. भरत आठवडाभर आरशापुढं "हमारे यहाँ का कपडा" करत होता. भरतची हिंदी म्हणजे मराठीलाच "है" लावलेलं.

शूटिंगच्या दिवशी त्यानं ठेवणीतला शर्ट घातला. तन्मयनं कॉलरला माईक लावला, बोलायला सांगितलं आणि कानाचे हेडफोन काढून डोकंच धरलं. मागांच्या आवाजापुढं काही ऐकू येईना. "सर, माग बंद करावे लागतील. पाच-दहा मिनिटंच." भरतनं हात वर केला. कामगारांनी एकेक माग थांबवला. शेवटचा थांबला आणि शेड चिडीचूप झाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या क्षणी आमच्या एकाच्याही डोक्यात आली नाही. आमच्या गल्लीत सगळेच माग थांबले तर लाईट गेलेली असते. सुट्टी आणि खंडेनवमीही ठाऊक असते. पण गल्ली चालू असताना मधलीच एक शेड गप्प झाली, तर त्या घरात माणूस गेलेलं असतं. सांगायला कुणाला जावं लागत नाही. शेजारी आपले माग थांबवतो, मग त्याचा शेजारी, मग त्याच्या पलीकडचा, असं करत करत ती शांतता गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. आमची आई गेली तेव्हाही ती शांतता तशीच पसरली होती. मी कोल्हापुरातनं धावत आले, तर रस्त्यापासूनच सगळं गप्प. घराशी पोचायच्या आधीच मला कळलं होतं.

तर भरत कॅमेऱ्यापुढं उभा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शेडमधे त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि तो बावरला. पहिलंच वाक्य त्यानं असं किंचाळून म्हटलं की तन्मय मागं सरकला. "सर, हळू. शेजारी बसल्यासारखं बोला." भरत घसा खाकरून "हमारे यहाँ का" म्हणतोय, तोवर भिंतीपलीकडनं आप्पांची खणखणीत हाक आली.

"कोण गेलं रं?"

मी आत धावले. आप्पांचा तळहात भिंतीवर, डोळे मोठे झालेले. मी समोर उभी राहून ओठ हलवले. कोणी नाही, शूटिंग आहे. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. एवढ्यात दारात ही गर्दी! गल्लीतले पुरुष डोक्याला टॉवेल गुंडाळून, बायका पदर घेऊन. समोरची कुसुममावशी तर हंबरडा फोडतच उंबऱ्यात आली. पलीकडची शेड थांबली होती, तिच्या पलीकडचीही. कुणीतरी तिरडीसाठी कळक आणायला माणूसही पाठवला होता. गर्दीतनं एक आवाज आला, "लई चांगला माणूस हुता वो." आणि खाटेवरनं चांगला माणूस मान वर करून विचारतोय, "आरं पर कोण गेलं?"

कुसुममावशीचा हंबरडा अर्ध्यात थांबला. तिनं पदरानं नाक पुसलं, आप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमीच की वो आप्पा!"

आप्पांनी तिचे ओठ वाचले. आणि मग जे हसले, जे हसले! मोडलेलं हाड धरून हसले. सगळी गल्ली हसली. टॉवेल डोक्यावरनं खांद्यावर आले. आलात तसे चहा घेऊन जावा म्हणून आप्पांनी सगळ्यांना बसवून घेतलं. कळक आणायला गेलेल्याला परत बोलवायला दुसरा माणूस पळाला. तन्मय बिचारा कोपऱ्यात कॅमेरा धरून उभा. त्याला वाटलं, हे काय भलतंच गाव आहे.

मला अजून कुणी त्या दिवसाबद्दल विचारलं तर मी आधी हसते. हसून झाल्यावर विषय बदलते.

व्हिडिओ छान झाला. कवडसे, फुशी, धोट्याचा वेग आणि भरतचा तो भोळा चेहरा. मागांच्या खडखडाटावर तन्मयनं बासरी घातली होती. आप्पांना मोबाईलवर दाखवला. त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला, जरा वेळ ठेवून बघितला आणि काढला. "पोरगा झ्याक दिसतोय," एवढंच म्हणाले. आणि नवल म्हणजे गिऱ्हाईक आलं! बंगळुरूच्या एका बाईंना घरातल्या पडद्यांसाठी, चादरींसाठी असंच जुन्या मागावरचं जाडंभरडं सुती कापड हवं होतं. काम काही डोंगराएवढं नव्हतं, पण त्यावर माग चालले असते. त्या संध्याकाळी भरत लहान पोरासारखा बर्फी घेऊन आला. आधी आप्पांना भरवली.

मग तन्मय म्हणाला, एका व्हिडिओवर भागत नाही, सारखं काहीतरी दिसत राहायला पाहिजे. आज सुताचा, उद्या किनारीचा, परवा जॉबर, म्हणजे मागांचा मिस्त्री, बिघडलेला माग कसा जुळवतो त्याचा. छोटे छोटे. त्या बाईंनीही मागवून घेतले. मग दर दोन-तीन दिवसांनी शेडमधे कॅमेरा, आणि बोलायची वेळ आली की माग बंद. आप्पांच्या देखत माग थांबू नयेत म्हणून हा सगळा खटाटोप, आणि त्या खटाटोपासाठी आप्पांच्या देखत माग थांबायचे. पण हे तेव्हा कुणाला जाणवलं नाही. आम्ही खुशीत होतो.

दर खेपेला भिंतीपलीकडनं हाक यायचीच. "कोण गेलं?" मी दारात जाऊन उभी राहायची आणि ओठांनी म्हणायची, शूटिंग. नंतर नंतर नुसती मूठ डोळ्याला लावून कॅमेरा फिरवल्यागत करायची. आप्पा म्हणायचे, "मग हाण!" आणि डोळे मिटायचे. हा आमचा खेळच झाला. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी विचारायचे. आणि कॅमेऱ्यात त्यांची हाक यायची म्हणून तन्मय हाक येऊन जाईपर्यंत थांबायला शिकला. "आजोबांचं झालं की सुरू करू," म्हणायचा.

गल्लीही शिकली. पहिल्या खेपेला टॉवेल गुंडाळून आलेली माणसं दुसऱ्या खेपेला दारातनं डोकावली. तिसऱ्या खेपेला नुसती हसली. मग कुणी बघेनासंच झालं. कुसुममावशी लसूण सोलता सोलता सुनेला सांगायची, "काय न्हाई गं, भरत्याचा पिच्चर."

दिवाळी चार दिवसांवर आली होती. दुपारी आप्पांनी वरणभात खाल्ला. चार घास जास्तच. म्हणाले, "चकल्या कधी करणार हाईस?" म्हटलं, उद्या. मी मागं भांडी घासली, चहा टाकला आणि कपबशी घेऊन आत आले. आप्पा भिंतीकडं तोंड करून झोपले होते. हात खाटेवर पडलेला. फळीवरच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं, भिंत थरथरत होती. आप्पा तेवढे हलत नव्हते.

मी शेडच्या दारात गेले. भरत पार त्या टोकाला, मागांच्या पलीकडं, जॉबरशी बोलत होता. ओरडून उपयोग नव्हता. मी उभी राहिले. त्यानं मान वर केली आणि हातानं विचारलं, काय? मी ओठ हलवले. आप्पा गेले. एवढे दोन शब्द, आवाज न काढता. त्यानं पुन्हा विचारलं, काय? कळलं होतं त्याला. आमच्या घरात ओठ वाचायला कुणी चुकत नाही. मी पुन्हा ओठ हलवले. मग भरतनं हात वर केला आणि माग थांबायला लागले.

आम्ही आप्पांना खाटेवरनं खाली घेतलं. मी दार सताड उघडलं आणि वाट बघत बसले. गल्ली चालूच होती. समोरची शेड चालू, शेजारची चालू, पलीकडच्या सगळ्या चालू. आमचीच तेवढी गप्प. आणि कुणीच येईना. दारावरनं एक माणूस सायकल घेऊन गेला, आत बघून हसला, हातानं कॅमेरा फिरवल्यासारखं केलं आणि गेला. त्याचा काय दोष? भरत भिंतीला टेकून बसला होता. मला म्हणाला, "अक्का, कोण येईना गं." पन्नाशीला आलेला माणूस, पण तेवढंच वाक्य त्यानं तीनदा म्हटलं.

शेवटी मीच उठले. कुसुममावशी आपल्या दारात पणत्या धुऊन वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "झालं व्हय शूटिंग? आज लई वेळ लावलासा." मी ओठ हलवले. समोर उभी होते, बोलले असते तर तिला ऐकू गेलं असतं. तिच्या हातातली पणती खाली पडली. ती आपल्या शेडमधे गेली आणि तिचे माग थांबले. मग तिच्या शेजारचे. मग पुढचे. ती शांतता आमच्या दारापासून निघून गल्लीच्या तोंडाला पोचताना मी उंबऱ्यात उभी राहून ऐकली. आईच्या वेळी मी उलट्या बाजूनं आले होते.

लोक आले. सगळे आले. एकेक जण आत येताना भरतच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणत होता, "आम्हाला वाटलं, शूटिंग हाय." कुसुममावशी तर किती दिवस ते एकच बोलून रडत होती. तिची समजूत घालता घालता मी माझं रडणं विसरून जायचे.

भरतनं त्यानंतर शेडमधे कॅमेरा येऊ दिला नाही. माग अजून चालू आहेत, त्या बंगळुरूच्या बाईंच्या कृपेनं म्हणा. आप्पांच्या माघारी काय व्हायचं ते होऊ दे, म्हणाला होता, पण त्यानं एकही माग विकला नाही. आता त्या बाई नवा व्हिडिओ मागतात. जुन्यात भरतचे केस काळे आहेत, दुसरं काय! म्हणून ही नवी मुलगी आणि हा तिचा निरोप. मी तिला उत्तर पाठवलं नाही. भरतला फोन केला, तर म्हणाला, "ये की. तिला बी बोलवूया. बघू काय म्हणत्या."

आज सकाळी गेले. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा, कारखाने अजून सुरू व्हायचेत. गल्लीच्या तोंडाशी उतरले, तळपायाला कळलं, कानाला कळलं. आप्पांच्या खोलीत आता कापडाचे तागे रचलेत, पार छतापर्यंत. खाट काढली, फळी तशीच आहे. मुलीनं शेड फिरून बघितली, कवडसे बघून तीही हरखली. मग तिनं खूण करून विचारलं, मिनिटभर बंद कराल? नुसता आवाज तपासते.

भरतनं माझ्याकडं बघितलं. त्यानं हात वर केला.

शेवटचा माग थांबला. वर पत्रा तापून कडकडत होता, कुठंतरी नळ ठिबकत होता. मुलगी हेडफोन कानाला लावून डोळे मिटून उभी. मी कधी चालायला लागले मलाच कळलं नाही. मधल्या दारात येऊन उभी राहिले होते आणि मूठ डोळ्याशी गेली होती. समोर ताग्यांची रास. मागं वळून बघितलं, तर भरतही तिकडंच बघत उभा. हात अजून वरच.

मुलगी हळूच म्हणाली, "परफेक्ट. एकदम शांत आहे."

भरतनं हात खाली घेतला. आयुष्यभर किंचाळून बोललेला माझा भाऊ, पण हे इतकं हळू म्हणाला की मला त्याच्या ओठांवरनं वाचावं लागलं.

"अक्का, कुणी इचारलं न्हाई गं."